वाटाण्याचा दुसरा दिवस

फ्रीजच्या दांडीला सुतळीने बांधलेलं रजिस्टर हा त्या घरातला नवा पाहुणा होता आणि आधीच्या दोन पाहुण्यांना तो अजिबात आवडलेला नव्हता.

आधीचे पाहुणे म्हणजे सासू आणि सासरे. सुनेची रजा संपायला दोन आठवडे उरले तेव्हा ते आपल्या गावाहून मदतीला आले होते. रविवारी दुपारच्या बसची परतीची तिकिटंही काढलेली होती, कारण लेकीचे दिवस भरत आले होते आणि सोमवारी तिच्याकडे पोचणं भाग होतं. सून लिफ्ट दुरुस्त करायची. घरात तिला मिस्त्रीण म्हणत. हे नाव सासऱ्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी थट्टेत ठेवलं आणि ते असं चिकटलं की नवराही त्याच नावाने हाक मारायला लागला. साडेसहा महिन्यांच्या मुलीला सगळे ठकू म्हणत.

रजिस्टरमध्ये पाच रकाने होते: वेळ, पदार्थ, किती चमचे, कोणी दिलं, शेरा. पहिल्या पानावर मिस्त्रिणीने लाल शाईने लिहिलं होतं, ‘जो भरवेल तो लिहील. एका वेळी एकच नवी भाजी. तीन दिवस तीच.’

नियम डॉक्टरांचा होता, पण मिस्त्रिणीच्या अंगात तो आधीपासूनच मुरलेला होता. लिफ्ट बंद पडली की एका वेळी एकच भाग बदलायचा, चालवून बघायची, मगच दुसऱ्याला हात लावायचा. दोन भाग एकदम बदलले आणि लिफ्ट सुरू झाली, तर दोष कशात होता हे कोणालाच सांगता येत नाही. बाळाचं तसंच. दोन नव्या भाज्या एकदम दिल्या आणि अंगावर काही उठलं, तर बोट कोणाकडे दाखवणार?

बोट दाखवण्याची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप होता. पाळणाघरवाल्या ताईंनी एक छापील कागद दिला होता. त्यावर बाळाला चालणाऱ्या किमान चार भाज्या लिहायच्या, प्रत्येकीपुढे तीन दिवसांच्या तारखा टाकायच्या आणि खाली आईची सही. “यादीत नाही ते मी देत नाही, आणि यादी पूर्ण नाही ते बाळ मी घेत नाही,” ताई म्हणाल्या होत्या. त्यांच्याकडे मागे एका बाळाचा चेहरा सुजला होता. तेव्हापासून त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

कागद शनिवारी बारापर्यंत द्यायचा होता. सोमवारी मिस्त्रिणीला कामावर हजर व्हायचं होतं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या अकरा लिफ्ट नऊ वर्षांनी तिच्या हातात आल्या होत्या, आणि तिच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, की सोमवारी ती आली नाही तर त्या दुसऱ्या गटाकडे जातील आणि तिला भांडारात सुटे भाग मोजायला बसावं लागेल. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. त्याने आपली सगळी रजा बाळंतपणात संपवलेली होती.

म्हणून हिशेब अगदी काटेकोर होता. चार भाज्या, बारा दिवस. सोमवारपासून फरसबी, गुरुवारपासून ब्रोकोली, रविवारपासून पालक, पुढच्या बुधवारपासून वाटाणा. वाटाण्याचा तिसरा दिवस शुक्रवारी संपणार, शनिवारी कागद. मधे एकही मोकळा दिवस नव्हता.

ठकूला हा हिशेब कोणी सांगितलेला नव्हता.

फरसबीच्या पहिल्या चमच्याला तिने असं तोंड केलं, की नवऱ्याला आपल्या दुकानाच्या मालकाची आठवण झाली. शिरा काढून, वाफवून, बारीक वाटून, चाळणीतून गाळलेली ती मऊ फरसबी तिने जिभेने बाहेर ढकलली, हनुवटीवर येऊ दिली आणि मग हाताने केसात चोळली. शेऱ्याच्या रकान्यात मिस्त्रिणीने लिहिलं, ‘अर्धा चमचा आत, दीड बाहेर.’

“आवडलेलं नाही तिला,” सासूबाई म्हणाल्या.

“तोंड वेडंवाकडं केलं म्हणजे आवडलं नाही असं नसतं, आई. चव नवी असते. आठ-दहा वेळा द्यावी लागते. डॉक्टर म्हणाल्यात.”

“अगं पण मीठ नाही, साखर नाही, लोण्याचा थेंब नाही. तुरुंगातसुद्धा याच्यापेक्षा बरं देत असतील.”

“वर्षाच्या आत मीठ-साखर नाही.”

“तुझा नवरा तिसऱ्या महिन्यापासून सगळं खायचा. काय झालंय त्याला?”

“चष्मा लागलाय,” खुर्चीत बसलेले सासरे पेपरामागून म्हणाले.

सासरे शाळेच्या ऑफिसात कारकून होते. तीस वर्षं त्यांनी हजेरीपट लिहिले होते आणि त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. रजिस्टर पाहून घरात खूश झालेला तेवढा एकच माणूस होता. रकाने सरळ आखलेत, असं त्यांनी मिस्त्रिणीला कौतुकाने सांगितलं होतं. फरसबीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मिस्त्रीण बाजारातून परत आली तेव्हा त्यांच्या सुंदर अक्षरात नोंद होती: ‘साडेअकरा. मध. बोटाला लावून एकदा चाटवला. आजोबा. शेरा: अत्यंत खूश.’

मिस्त्रिणीने हातातली पिशवी तशीच खाली ठेवली.

मग जे झालं त्याचं वर्णन नवऱ्याने नंतर ‘ओव्हरलोडची घंटा’ असं केलं. वर्ष व्हायच्या आत मध अजिबात नाही, त्यातले जंतू एवढ्याशा पोटाला झेपत नाहीत, बाळ लुळं पडू शकतं, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय, मी तुम्हाला तीनदा सांगितलंय, कागदावर लिहून दाराला लावलंय, असं ती एका दमात म्हणाली. त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. मधाची बाटली तिने शेजाऱ्यांकडे नेऊन दिली. पुढचे कितीतरी दिवस ती ठकूची शी आणि तिच्या मानेचा ताठपणा पुन्हा पुन्हा तपासत राहिली. काही झालं नाही, पण त्यामुळे तिचा राग उतरला नाही.

सासरे ऐकून घेत उभे होते. शेवटी एवढंच म्हणाले, “लिहिलं म्हणून कळलं तुला.”

त्या दिवसानंतर रजिस्टर आरशासारखं स्वच्छ झालं. दूध, म्हणजे मिस्त्रिणीचंच काढून ठेवलेलं, फरसबी, दूध, ब्रोकोली, दूध, पालक. वेळा बरोबर, सह्या बरोबर, खाडाखोड नाही. बुधवारी अकरा वाजता ठकूने वाटाण्याचे दोन चमचे चक्क गिळले, तेव्हा मिस्त्रिणीने त्या नोंदीखाली दोन रेघा ओढल्या. आता फक्त दोन दिवस.

गुरुवारी सकाळी ती रुजू होण्याचे कागद भरायला ऑफिसात गेली. साडेआठला निघाली, दहा वाजता परत आली. ठकू आजीच्या कडेवर होती. तिच्या हनुवटीवर, गळ्याला आणि छातीवर लालसर गांध्या उठल्या होत्या.

“मच्छर असेल,” सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज बसला होता.

डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. डॉक्टरांनी ठकूचे ओठ, जीभ, डोळे बघितले, छातीला नळी लावली, पोट दाबलं. श्वास मोकळा होता, सूज नव्हती, ठकू नळी चोखायला बघत होती.

“नवीन काय दिलं?”

“वाटाणा. फक्त वाटाणा. काल अकराला, दोन चमचे.”

“आज?”

“आज द्यायचाच होता. त्याच्या आधीच हे.”

“दुसरं काही? घरात कोणी काही?”

“नाही. रजिस्टर आहे.” मिस्त्रिणीने पिशवीतून रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी पानं उलटली. मधाच्या नोंदीवर थोड्या थांबल्या, पुढची पानं भराभर चाळली. “फार स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या. मिस्त्रिणीला ते कौतुक वाटलं.

वाटाणा सध्या बंद. गांध्या बहुधा उद्यापर्यंत जातील. ओठ सुजले, उलट्या झाल्या, श्वास घरघरला, बाळ मलूल पडलं, तर क्षणभर न थांबता आणायचं. आणि हो, असं बहुतेक वेळा खाल्ल्यापासून दोन तासांत दिसतं. उशिरा दिसू शकतं, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा दोन तासांत.

शेवटचं वाक्य मिस्त्रीण घरापर्यंत घेऊन आली.

पाळणाघराला फोन केला. ताई शांतपणे म्हणाल्या, “तीनच झाल्या ना मग.”

“चौथी पुढच्या आठवड्यात देते.”

“मग बाळही पुढच्या आठवड्यात द्या.”

साहेबांना फोन केला. तेही शांतपणे म्हणाले, “सोमवार सांगितलाय तुला.” दिवसभर तिच्याशी सगळे शांतपणेच बोलत होते आणि त्यानेच तिचं डोकं जास्त फिरलं.

दुपारी ठकू झोपल्यावर तिने रजिस्टर उघडून समोर ठेवलं. बुधवारी अकराला वाटाणा. गुरुवारी दहाला गांध्या. तेवीस तास. ही जोडणी तिला पटेना. तिसऱ्या मजल्यावर दार अडकलं म्हणून कोणी तळघरातल्या दिव्याला दोष दिला असता, तर तिने त्याला हसून घालवलं असतं. दोष साडेआठ ते दहाच्या मधे होता, आणि त्या दीड तासासमोर एकच ओळ होती: ‘साडेआठ. दूध. आजी.’

कुठेतरी पाणी मुरत होतं.

संध्याकाळच्या चहाला तिने विषय काढला. “सकाळी मी नसताना कोणी काही दिलं का तिला?”

“दूध,” सासूबाई म्हणाल्या. “लिहिलंय मी.”

“मी पावणेनवाला निघालो,” नवरा म्हणाला. “तोपर्यंत तरी काही नव्हतं तिच्या अंगावर.”

“बाबा?”

“लिहिलंय त्यात जे आहे ते,” सासरे म्हणाले आणि कपात बघत राहिले.

ताकास तूर लागू द्यायची नाही, असं जणू तिघांनी ठरवूनच घेतलं होतं. पण शुक्रवारी सकाळी कपडे वाळत घालताना तिला तारेवर ठकूचं एक लाळेरं दिसलं. ते तिने धुतलं नव्हतं. सासूबाईंनीही नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं की ते काल सकाळी सासऱ्यांनी धुतलं. ज्या माणसाने चाळीस वर्षांच्या संसारात स्वतःचा कप कधी विसळला नव्हता, त्याने सकाळी नऊ वाजता साबण लावून लाळेरं धुतलं होतं.

ती ते लाळेरं घेऊन सरळ बाहेरच्या खोलीत गेली. “बाबा, हे का धुतलंत?”

“मळलं होतं.”

“कशाने?”

“दुधाने.”

“दूध घरात रोज सांडतं. रोज धुता?”

“मिस्त्रीण,” ते म्हणाले, “तू पोलिसांत जायला हवं होतंस.”

नवरा मधे पडला. “अगं, जाऊ दे ना. गांध्या गेल्यात बघ. गेल्यात ना? झालं तर मग.”

“काय झालं? कशाने आल्या ते कळलं? उद्या पुन्हा तेच पोटात गेलं तर? आणि या वेळी ओठ सुजले तर? पाळणाघरात मी काय लिहून देऊ, ‘काहीतरी खाल्लं होतं, काय ते विचारू नका’?”

“वाटाणा लिही. डॉक्टरच म्हणाल्या ना.”

“वाटाणा नव्हता तो.”

“मग कोण होता?”

“तेच तर विचारतेय तीन माणसांना. तिघं मूग गिळून बसलीयत.”

“मूग अजून सुरू केले नाहीत,” सासरे हळूच म्हणाले. कोणी हसलं नाही. तेही नाही.

मिस्त्रीण स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून बसली. हाताला काम हवं म्हणून तिने वाटाणे सोलायला घेतले, मग आठवलं की वाटाणा बंद आहे, आणि सोललेले दाणे पातेल्यात तसेच टाकले. समोर रजिस्टर लोंबकळत होतं. इतकं स्वच्छ. फार स्वच्छ, डॉक्टर म्हणाल्या होत्या. ते कौतुक नव्हतं, हे तिला आत्ता कुठे कळलं.

लिफ्टच्या मशीनरूममध्ये भिंतीला असंच रजिस्टर टांगलेलं असतं. तिथलं कुठलंच रजिस्टर इतकं स्वच्छ नसतं. तेलाची बोटं, खाडाखोड, ‘वायर उलटी जोडली, परत काढली’, ‘स्क्रू हरवला, शोधतोय’. ती काम शिकली ती एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली. तिथे लागून दुसराच महिना होता. तिने एका ब्रेकचा बोल्ट नको तितका आवळला आणि घरी जाता जाता भीत भीत रजिस्टरमध्ये तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली असं धरूनच ती आली. उस्तादाने बोल्ट बेताचा करून ठेवलेला होता. तिच्या नोंदीखाली त्याने एकच शब्द लिहिला होता, ‘वाचलं’, आणि सही. पुढे वर्षभराने त्याच उस्तादाने एका जुन्या कारागिराला जागच्या जागी घरी पाठवलं. त्या कारागिराने दार उघडं असताना लिफ्ट अडवणारी सुरक्षेची तार तात्पुरती वगळून ठेवली आणि लिहिलं नाही. दार उघडं असताना लिफ्ट हलली होती. आत कोणी नव्हतं, एवढंच नशीब. लिहिलेल्यावर ओरडायचं नाही, न लिहिलेलं सोडायचं नाही, असं उस्ताद म्हणायचा. या दोन्ही गोष्टी त्याच्या तोंडी कायम एकाच श्वासात यायच्या.

तिने घरी फक्त दुसरी आणली होती.

मधाचा राग बरोबर होता. तो आताही तिला बरोबरच वाटत होता. पण या घरात खरं लिहिलेली ती पहिली आणि शेवटची ओळ होती, आणि त्या ओळीची तिने जी गत केली ती तिघांनीही पाहिली होती.

शिवाय आणखी एक गोष्ट होती. ती तिने गेले तीन दिवस स्वतःपासूनसुद्धा लपवली होती.

तिने पेन घेतलं. मंगळवारच्या नोंदीत तिच्याच अक्षरात होतं, ‘अकरा. पालक, ताजा. दोन चमचे. आई.’ तिने ‘ताजा’वर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘ताजा नव्हता. रविवारी शिजवलेला, दोन दिवस फ्रीजमध्ये होता. शिजवलेला पालक ठेवून द्यायचा नाही, बाळाच्या रक्ताला प्राणवायू कमी पडू शकतो, हे मला माहीत होतं. त्या दिवशी उभं राहवत नव्हतं म्हणून दिला. नंतर संध्याकाळपर्यंत तिचे ओठ निळे पडतात का बघत बसले. लिहिलं नाही.’ आणि सही केली.

मग तिने सुतळी सोडली, रजिस्टर बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर उघडं ठेवलं, त्यावर पेन ठेवलं, आणि ठकूला घेऊन खाली चक्कर मारायला गेली. जाताना कोणाशी बोलली नाही. बोलली असती तर ओरडली असती.

तासाने वर आली तेव्हा तिघं तीन खोल्यांत होते.

पहिली नोंद सासूबाईंची होती, अक्षर वाकडंतिकडं: ‘ब्रोकोलीत साखर घातली. चिमूट चिमूट. तिन्ही दिवस. म्हणून खाल्ली.’

दुसरी नवऱ्याची: ‘बुधवारी वाटाणा गिळला कारण मी आधी चमच्याला उकडलेल्या नासपतीचा गर लावून दिला होता. तू रेघा ओढत होतीस म्हणून सांगवलं नाही. सॉरी.’

तिसरी मोत्यासारख्या अक्षरात, रकान्यात बरोबर बसवलेली: ‘गुरुवार. पावणेनऊ. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, नखाएवढा. माझ्या ताटातून. आजोबा. शेरा: हात पुढे केला म्हणून दिला. नऊला गळ्याशी लाल दिसलं. घाबरलो. लाळेरं धुतलं.’

मिस्त्रिणीने तिन्ही नोंदी दोनदा वाचल्या. बारा दिवस आपण एका वेळी एकच भाग बदलतोय अशा समजुतीत होतो, आणि प्रत्यक्षात चौघं मिळून सगळी लिफ्टच खोलत होतो. तिच्या तोंडाशी जे आलं ते तिने गिळलं. ते फरसबीपेक्षा कडू होतं. तिन्ही नोंदींखाली तिने ‘वाचलं’ लिहिलं आणि सही केली. पेनाने कागद किंचित फाटला.

शनिवारी सकाळी डॉक्टरांनी तिसरी नोंद वाचून मान हलवली. अंडं सध्या बंद, तपासणी करू, तोवर घरी पुन्हा देऊन बघायचं नाही. या वयात अंडं देऊच नये असं काही नाही, पण नवं ते एकटं द्यायचं, दुसऱ्या नव्याच्या मांडीला मांडी लावून नाही. वाटाण्यावरचा संशय बराच कमी झालाय, पण एका दिवसाने तो चालतो असं म्हणता येत नाही. रविवारपासून वाटाणा पुन्हा, पहिल्यापासून, तीन दिवस. साखरेच्या चिमटीने ब्रोकोली बाद होत नाही, मात्र पुढे बंद. पालकाबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, “लिहिलंत हे बरं केलंत.”

रविवार, सोमवार, मंगळवार. म्हणजे पाळणाघर बुधवारी. म्हणजे सोमवार आणि मंगळवार बाळ कुठे ठेवायचं?

पाळणाघराच्या कागदावर तीनच भाज्या लिहिण्यावाचून इलाज नव्हता. वाटाण्यापुढे तीन तारखा टाकायला अर्धं मिनिट लागलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं. नवऱ्याने तसं सुचवलं नाही, हे त्याचं नशीब. ताईंनी कागद बघितला, बुधवारची जागा राखून ठेवते म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

घरी परत आल्यावर ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, “झालं. मोजते आता सुटे भाग.”

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सासऱ्यांनी खिशातून बसची दोन तिकिटं काढली, त्यातलं एक बायकोच्या पुढ्यात ठेवलं.

“तू जा,” ते म्हणाले. “लेकीला तुझी गरज आहे, माझी नाही. मी बुधवारी येतो.”

“तुम्ही? एकटे?” सासूबाईंनी घडी अर्ध्यात सोडली. “तुम्हाला गॅस पेटवता येत नाही.”

“वाटाणा मिस्त्रीण वाफवून, सालं काढून, वाटून ठेवेल. मी गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करीन. तेवढं जमतं.”

सगळे मिस्त्रिणीकडे बघायला लागले. अंडं यांनी दिलं. मध यांनी दिला. लाळेरं यांनी धुतलं. घरातल्या चार मोठ्या माणसांत बाळापाशी एकटं ठेवू नये असं कोणी असेल तर ते हेच. आणि तिच्या लक्षात आलं, की मध आणि अंडं, दोन्ही तिला कळलं ते यांनीच लिहिल्यामुळे.

“नवीन काही नाही,” ती म्हणाली. “काहीही नाही. तिने हात पुढे केला, पाय पुढे केला, रडून घर डोक्यावर घेतलं, तरी नाही.”

“नाही.”

“आणि जे होईल ते लिहायचं. तेव्हाच्या तेव्हा. अंगावर काही दिसलं तर आधी डॉक्टर, मग मला फोन, मग रजिस्टर.”

“आणि तू?” सासऱ्यांनी विचारलं.

तिला प्रश्न कळला. “मी वाचीन,” ती म्हणाली.

रविवारी वाटाण्याचा पहिला दिवस पार पडला. एक चमचा आत, दोन बाहेर, अंगावर काही नाही. दुपारी सासूबाई बसने गेल्या.

सोमवारी मिस्त्रिणीने अकराच्या अकरा लिफ्ट वरखाली चालवून बघितल्या. मशीनरूमच्या रजिस्टरमध्ये सहा महिन्यांच्या नोंदी चाळल्या. चौथ्या लिफ्टच्या दोरीला दोनदा तेल दिलं होतं आणि एकदा ‘तेल विसरलो’ असंही होतं. ते वाचून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला, कारण अकरा वाजून गेले होते आणि फोन आला नव्हता. बारा वाजले. फोन नाही. एक वाजता तिने फोन हातात घेतला आणि परत खिशात टाकला. काही असतं तर फोन आला असता. किंवा लाळेरं धुतलं गेलं असतं.

सहाला ती घरी पोचली. सासरे खुर्चीत झोपले होते. त्यांच्या पोटावर ठकू झोपली होती. तिच्या कानामागे वाटाणा वाळून हिरवा पापुद्रा झाला होता. मिस्त्रिणीने चपलाही न काढता वाकून तिचा गळा, हनुवटी, छाती बघितली. स्वच्छ.

मग ती रजिस्टरपाशी गेली.

‘अकरा. वाटाणा, दुसरा दिवस. दोन चमचे आत, एक भिंतीवर. आजोबा. शेरा: भिंत पुसली, डाग राहिला.’

‘साडेबारा. दूध.’

‘तीन वाजून दहा. माझ्या बोटाला बिस्किटाचा चुरा होता. तिने बोट धरून चाटलं. मी दिलं नाही, पण गेलं. पाचपर्यंत अंगावर काही नाही. श्वास बरोबर. लिहितोय. आजोबा.’

मिस्त्रिणीने वर बघितलं. सासरे जागे झाले होते. ते हलले नाहीत, पोटावर ठकू होती. ते नुसते तिच्याकडे बघत होते. मधाच्या दिवशी ऐकून घेताना बघत होते तसे.

तिने तोंड उघडलं. जिभेवर पूर्ण वाक्य तयार होतं, आणि त्या वाक्यात बिस्कीट होतं, नखं होती, साबण होता आणि तीस वर्षांची कारकुनी होती. तिने तोंड मिटलं. कपाट उघडून बिस्किटांचा पुडा काढला, खिडकीशी नेला आणि मागची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ धरून वाचली. मैदा, साखर, तेल, मीठ, दुधाची पूड. अंडं नव्हतं. पुन्हा एकदा वाचली. नव्हतं. गाईच्या दुधाची पूड मात्र होती, आणि मैदाही. दोन्ही ठकूसाठी नवं. म्हणजे आज वाटाण्याच्या दुसऱ्या दिवशी कणभर का होईना, दोन नवे भाग लागले होते. आता उद्यापर्यंत डोळ्यांत तेल घालून बघत बसायचं, आणि काही उठलंच तर पुन्हा तोच प्रश्न.

ती परत आली. पेन उचललं.

‘वाचलं,’ तिने लिहिलं, आणि सही केली. मग वेळ टाकली, सहा वाजून वीस, आणि साबणाची वडी आणून सासऱ्यांच्या हाताशी ठेवली.